विश्लेषण : गाडी भिंतीआधी संगणकात आदळते, तिथे ‘देशपांडे-फ्लेक’ सूत्राचे काम काय?

जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या क्रॅश चाचण्यांचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यात चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन पोलोही होती. तिच्या निकालात मात्र एक वेगळी नोंद होती. धडकेनंतरही गाडीचा सांगाडा स्थिर राहिला होता आणि शून्य मिळाले होते ते एअरबॅग नसलेल्या आवृत्तीला. दोन एअरबॅग असलेल्या पोलोने तशाच चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळवले.

एअरबॅग बसवणे हा निर्णयाचा भाग झाला. सांगाडा स्थिर राहणे ही मात्र आधी वर्षानुवर्षे केलेल्या गणिताची कमाई असते. योगायोग असा, की त्या गणिताचा इतिहासही पोलोपाशीच जाऊन पोहोचतो. पूर्ण मोटारीच्या समोरून होणाऱ्या धडकेचे पहिले यशस्वी संगणकीय गणित म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते १९८६ मध्ये जर्मनीत मांडले गेले आणि त्यातली गाडी होती फोक्सवॅगन पोलो. ५० किमी वेगाने ती काँक्रीटच्या भिंतीवर आदळते, असे हे गणित. त्यासाठी गाडीचे पाच हजारांहून थोडे जास्त तुकडे केले होते आणि तेव्हाच्या महासंगणकावर एका रात्रीत उत्तर मिळवायचे होते.

आज पिंपरी, चाकण आणि हिंजवडीतल्या कार्यालयांत असे गणित रोजचे झाले आहे. पुण्यातून मेकॅनिकल झालेल्या कुठल्याही बॅचमध्ये ‘मेशिंग’ला लागलेले चार-दोन जण हमखास सापडतात. पण गाडीचे तुकडे पाडणे हे या कामातले निम्मेच झाले. प्रत्येक तुकडा कोणत्या पदार्थाचा आहे आणि दाबल्यावर तो कसा वागतो, हे संगणकाला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारी शाखा म्हणजे पदार्थांची संगणकीय यांत्रिकी. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी आणि केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक विक्रम देशपांडे यांचे नाव याच शाखेतून थेट क्रॅश सॉफ्टवेअरच्या यादीत गेले आहे.

संगणकात गाडी आदळते म्हणजे काय होते?

१,५०० किलोची गाडी ताशी ६४ किमी वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे २३७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. हीच गाडी १६ मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडली, तर जमिनीवर पोहोचताना तिच्यात एवढीच ऊर्जा असेल. ही ऊर्जा एका सेकंदाच्या साधारण आठव्या भागात कुठेतरी जिरवायची असते. ती बॉनेटखालच्या पत्र्यांच्या घड्यांमध्ये जिरली, तर प्रवासी वाचतो. तिथे जिरली नाही, तर ती केबिनकडे येते.

संगणकात गाडीचे पत्रे, खांब, काच आणि फोम यांचे छोटे चौकोनी-त्रिकोणी तुकडे केले जातात. यालाच फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. १९८६ मध्ये पाच हजार तुकडे पुरले, आता एका गाडीचे तुकडे लाखांत मोजतात, कधी दहा लाखांच्याही पुढे जातात. वेळेचेही तुकडे होतात आणि ते किती लहान हवेत, हे ठरवण्यात इंजिनीअरला फारशी मोकळीक नसते. पोलादातून आवाजाची लहर सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जाते. तुकडा ५ मिलिमीटरचा असेल, तर लहर तो एका मायक्रोसेकंदात ओलांडते. गणिताचे पाऊल याहून मोठे टाकले, तर उत्तर भरकटते. म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या धडकेसाठी सव्वा लाखाच्या आसपास पावले टाकावी लागतात. २० लाख तुकडे धरले, तर हिशेब २४ हजार कोटींवर जातो. एवढ्या वेळा संगणक एकच प्रश्न विचारतो : ‘हा तुकडा एवढा दबला, आता तो उलट किती जोर लावेल?’

या प्रश्नाचे उत्तर देणारी माहिती म्हणजे ‘मटेरियल कार्ड’. हे नाव छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर संगणकाला माहिती देत, त्या काळातले आहे. कार्डे गेली, शब्द राहिला. क्रॅशच्या कामात खूप वापरल्या जाणाऱ्या ‘एलएस-डायना’ या सॉफ्टवेअरची वंशावळही अशीच जुनी आहे. त्याचा पूर्वज ‘डायना-थ्रीडी’ १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी लिहिला, तो कमी उंचीवरून टाकलेला अणुबॉम्ब जमिनीवर आदळल्यावर त्याचे काय होते, हे तपासण्यासाठी. आज तीच पद्धत सहा महिन्यांच्या बाळाच्या कार सीटसाठी वापरली जाते.

कणकेचा गोळा आणि पावाचा तुकडा

पोलादाचे कार्ड कशाच्या आधारे बनते, हे समजायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. कणकेचा गोळा पोळपाटावर तळव्याने दाबला, की तो चपटा होतो आणि बाजूला पसरतो. कणीक तेवढीच राहते, आकार बदलतो. धातू कायमचा वाकतो किंवा दबतो तेव्हा त्याचे असेच होते, घनफळ जवळजवळ बदलत नाही. याचा एक विचित्र परिणाम होतो. धातूच्या ठोकळ्यावर सगळ्या बाजूंनी सारखाच दाब दिला, तर तो कायमचा दबतच नाही, कारण त्याला पसरायला दिशाच उरत नाही. समुद्राच्या तळाशी पडलेला भरीव लोखंडी गोळा चेपत नाही, तो यामुळेच. धातू कधी दबायला लागेल, हे सांगताना हा सर्व बाजूंचा दाब वगळणारे सूत्र रिचर्ड फॉन मिझेस यांनी १९१३ मध्ये मांडले. शंभर वर्षांनंतरही इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात पहिल्यांदा तेच भेटते.

आता पाव घ्या. वडापावचा पाव दाबला, की तो चपटा होतो, पण बाजूला पसरत नाही. आतली हवेची घरे मिटतात आणि घनफळच कमी होते. मुठीत धरून सगळीकडून आवळला, तरी तो लहानच होतो. थर्माकोलही असाच वागतो. खोल समुद्रात जाणाऱ्या पाणबुड्यांबरोबर संशोधक गंमत म्हणून थर्माकोलचे पेले पाठवतात. वर येतात तेव्हा ते त्याच आकाराचे, पण अंगठ्याएवढे झालेले असतात. सर्व बाजूंच्या ज्या दाबाला लोखंड जुमानत नाही, त्याच दाबाने फोम चुरगळतो.

म्हणजे फोमला फॉन मिझेसचे सूत्र लावले, तर संगणकात पावाची कणीक होईल. मोकळ्या जागेत याने फार बिघडणार नाही, फोम थोडा जास्त बाजूला फुगलेला दिसेल. पण बंपर आणि त्यामागचा आडवा बीम यांच्यात कोंडलेला फोम घ्या, किंवा हेल्मेटचे कवच आणि कवटी यांच्यामधला. तिथे पसरायला जागाच नसते. त्यामुळे गणितातला फोम दगडासारखा होईल. प्रत्यक्षातला मऊपणे मिटत जाईल. डोक्याला बसणाऱ्या धक्क्याचे उत्तर साफ चुकेल आणि पडद्यावर मात्र रंगीत चित्र छान दिसत राहील.

देशपांडे आणि फ्लेक यांनी काय केले?

विक्रम देशपांडे यांनी आयआयटी मुंबईतून बीटेक केले आणि पुढचे शिक्षण केंब्रिजला घेतले. तिथे त्यांनी सुरुवातीला काम केले ते डांबरी मिश्रणावर. वारंवार ओझे आल्यावर डांबर आणि खडी यांचे मिश्रण कसे सरकते, हा विषय. चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या अवजड ट्रकांनी पडलेल्या खोलगट चाकोऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. नंतर केंब्रिजमधलेच नॉर्मन फ्लेक यांच्याबरोबर ते धातूच्या फोमकडे वळले.

धातूचा फोम म्हणजे ॲल्युमिनियम वितळवून त्यात बुडबुडे धरून गोठवलेला, जाळीदार केकसारखा पदार्थ. त्यात धातू दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी हवा. तो पाण्यावर तरंगतो. १९९० च्या दशकात हा पदार्थ धडकेची ऊर्जा जिरवायला वापरता येईल, अशी मोठी आशा होती. पण गणितात बसवायला त्याचा नियमच कोणाकडे धड नव्हता. देशपांडे आणि फ्लेक यांनी ‘अल्पोरास’ आणि ‘ड्युओसेल’ या दोन ॲल्युमिनियम फोमचे नमुने घेतले. एका दिशेने दाब आणि त्याच वेळी चहूबाजूंनी द्रवाचा दाब, असे वेगवेगळे मेळ देऊन ते कुठे दबायला लागतात, हे मोजले. निष्कर्ष ‘जर्नल ऑफ द मेकॅनिक्स अँड फिजिक्स ऑफ सॉलिड्स’मध्ये २००० साली प्रसिद्ध झाले. फोमला फक्त वरून दाबून चेपायला जेवढा दाब लागतो, साधारण तेवढ्याच दाबाने तो चहूबाजूंनी आवळल्यावरही चेपतो, असे त्यात दिसले. धातूत हे घडतच नाही.

त्यांचे सूत्र बघायला साधे आहे. आकार बदलवणाऱ्या ताणाचा वर्ग घ्यायचा, सर्व बाजूंच्या सरासरी दाबाचा वर्ग घ्यायचा, दुसऱ्याला ‘अल्फा’ या आकड्याच्या वर्गाने गुणून पहिल्यात मिळवायचे आणि शेवटी एका ठरावीक आकड्याने भागायचे. अल्फा शून्य ठेवला, की दाबाचा भाग गळून पडतो आणि फॉन मिझेसचे जुने सूत्र परत मिळते. म्हणजे कणीक. अल्फा २.१२ ठेवला, की बाजूला अजिबात न पसरणारा पदार्थ मिळतो. म्हणजे पाव. मधले फोम मधल्या आकड्यांवर बसतात. शिवाय हा अल्फा कोणाच्या अंदाजावर सोडलेला नाही. नमुना वरून दाबताना तो बाजूला किती फुगतो, एवढे मोजले तरी अल्फा काढता येतो. ज्या प्रयोगशाळेत चहूबाजूंनी दाब देण्याचे महाग यंत्र नाही, तिलाही हे सूत्र वापरता आले. ते इतके पसरले, यात या सोयीचा वाटा मोठा असावा.

एलएस-डायनाच्या यादीत १५४ क्रमांकाचे मटेरियल आज ‘देशपांडे-फ्लेक फोम’ याच नावाने आहे. ‘ॲबॅकस’ या दुसऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये चिरडणाऱ्या फोमसाठी जो पर्याय आहे, त्यातला एक प्रकार याच कामावर उभा आहे. शोधनिबंध हजारो लिहिले जातात, पण निवडायच्या यादीत स्वतःचे आडनाव दिसावे, असे भाग्य थोड्यांना मिळते. पुण्यात रात्रपाळीला जर्मन किंवा अमेरिकी क्लायंटचे मॉडेल चालवणाऱ्या एखाद्याने ते नाव निवडताना ‘हे आपल्याकडचे देशपांडे असतील का’ असा विचार नक्कीच केला असेल.

धातूच्या फोमबद्दलची ती आशा मात्र पुरती फळली नाही. तो महाग पडला आणि रोजच्या मोटारीत फारसा आला नाही. सूत्र टिकले, कारण चिरडणारे फोम इतर अनेक आहेत. देशपांडे यांचे कामही तिथे थांबले नाही. फोम इतका कमजोर का, याचे उत्तर त्यांनी फ्लेक आणि मायकेल ॲशबी यांच्यासह शोधले. फोमच्या घरांच्या भिंती दाबाखाली वाकतात आणि वाकणे सोपे असते. त्याऐवजी काड्या अशा जोडल्या, की त्या फक्त ताणल्या किंवा दाबल्याच जातील, तर तितक्याच वजनात कित्येक पट ताकद मिळते. छताची कैची त्रिकोणांचीच का असते, याचेही उत्तर हेच. २००१ मधला त्यांचा ‘ऑक्टेट ट्रस’ जाळीवरचा निबंध आता थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांच्या नेहमीच्या वाचनात असतो. पुढे धातूतल्या तड्यांपासून जिवंत पेशींच्या आकुंचनापर्यंत त्यांनी हीच पद्धत नेली. २०२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

दुचाकीस्वाराचा याच्याशी काय संबंध?

मोटारीपेक्षा थेट संबंध आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीवरच्यांचे प्रमाण ४४ टक्क्यांहून अधिक होते. भोसरी-चाकण पट्ट्यात पाळी सुटल्यावर रस्त्यावर उतरणारी गर्दी मुख्यतः दुचाकींचीच असते.

हेल्मेटचे कवच सगळ्यांना दिसते. पण धक्का जिरवतो तो आतला थर्माकोलसारखा पांढरा थर. समजा डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने आदळले आणि हा थर २० मिलिमीटर दबला, तर मेंदूला बसणारा सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९२ पट असेल. थर जास्त कडक असेल आणि १० मिलिमीटरच दबला, तर तोच धक्का १८४ पट होतो. फार मऊ असेल, तर वेगळीच पंचाईत. घरे पूर्ण मिटल्यावर फोम अचानक भरीव प्लॅस्टिकसारखा टणक होतो आणि उरलेला वेग एका फटक्यात थांबतो. जाडी आणि घनता यांचा हा मेळ आधी संगणकात शोधला जातो. तिथे फोमचा नियम चुकला, तर ९२ आणि १८४ यांतला फरकच कळणार नाही.

याच नियमात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हा फोम एकदा दबला, की परत फुगत नाही. एकदा जोरात आदळलेल्या हेल्मेटचे कवच वरून धड दिसत असेल, तरी त्या जागचा थर वापरून संपलेला असतो.

मग भिंतीवर गाडी आपटायची गरज काय?

कार्ड चुकू शकते म्हणून. साधे पोलाद प्रयोगशाळेत सावकाश ओढून मोजलेले असते, धडक मात्र क्षणात होते. जोरात ओढले, की पोलाद जास्त कडक होते. सौम्य पोलादासाठी वापरल्या जाणाऱ्या कूपर-सायमंड्स सूत्राच्या नेहमीच्या आकड्यांप्रमाणे, सेकंदाला सुमारे ४० पट या गतीने ताणल्यास त्याची ताकद जवळजवळ दुप्पट होते. हे कार्डात घातले नाही, तर गणितातली गाडी खऱ्या गाडीपेक्षा मऊ निघते. प्रेसखालून आलेला पत्रा कोपऱ्यांत पातळ झालेला आणि आधीच थोडा कडक झालेला असतो, तेही घालावे लागते. स्पॉट वेल्ड कधी सुटेल, हे तर अजूनही डोकेदुखीचेच काम आहे.

फोमचे गणित पुरवठादाराच्या शेडमध्ये बिघडू शकते. समजा बंपरच्या फोमची घनता लिटरला ३० ग्रॅम ठरली आहे आणि प्रत्यक्षात ४५ ग्रॅमचा माल आला. दिसायला तो तोच. पण फोमची ताकद घनतेच्या साधारण दीडाव्या घाताने वाढते, म्हणजे हा माल सुमारे १.८ पट कडक निघेल. संगणकाला याचा पत्ताच नसतो, त्याच्या कार्डात ३०च लिहिलेले असते.

देशपांडे-फ्लेक सूत्रालाही मर्यादा आहेत. फोम सर्व दिशांनी सारखाच आहे, असे ते धरून चालते. क्रॅश चाचणीत गाडी ज्या अडथळ्यावर आदळते, त्याचा पुढचा भाग ॲल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा असतो. तो एका दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने लेचापेचा. त्याला हे सूत्र लावून चालत नाही, वेगळे कार्ड लागते. सीटचा फोम दबून परत वर येतो, त्याला तिसरे. कुठे काय लावायचे, हे कळणारा इंजिनीअर त्यामुळेच महाग असतो.

भारतात आता गाडीला तारे देते ‘भारत एनकॅप’. ही योजना २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाली आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाली. तिचे काम चालते ते भोसरीतल्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टमधून. समोरची धडक ताशी ६४ किमीला आणि गाडीच्या रुंदीच्या ४० टक्के भागावर, बाजूची ५० किमीला, खांबावरची २९ किमीला. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले पाच तारे मिळाले ते टाटा हॅरियर आणि सफारीला. या दोन्ही गाड्या पिंपरीत तयार होतात. प्रौढांच्या सुरक्षेत दोघींना ३२ पैकी ३०.०८ गुण होते. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये, पोलोच्या शून्यानंतर जवळजवळ पावणेनऊ वर्षांनी, चाकणच्याच कारखान्यातल्या फोक्सवॅगन टायगुनने ग्लोबल एनकॅपचे पाच तारे घेतले होते.

युरोपात २०२६ च्या नियमांत काही गुण संगणकातल्या धडकेवरही ठेवले आहेत, अर्थात कंपनीचे गणित आधी खऱ्या चाचणीशी जुळवून दाखवल्यावर. भारतात तारे अजून प्रत्यक्ष आदळलेल्या गाडीलाच मिळतात. ती धडक झाल्यावर हाय-स्पीड कॅमेऱ्याचे चित्रण आणि संगणकातली धडक पडद्यावर शेजारी-शेजारी लावली जाते. एखादी घडी दहा मिलिसेकंद उशिरा पडलेली दिसली, की कोणीतरी पुन्हा कार्ड उघडून बसतो.